कोंबडी रवणीला बसवली की तिच्या पोटापाण्याचं पण बघा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आलात तर परड्यात चार जवारी, म्हणजे गावठी, कोंबड्या नाहीत असं घर क्वचित सापडेल. त्यातली एखादी खुडूक झाली की घरात बोलणं एकच, अंडी किती ठेवायची, कुठली ठेवायची, कुणाच्या कोंबड्याची चांगली निघतात. अंड्यांना कोळशानं खुणा करतात, मोजून बुट्टीत, म्हणजे टोपलीत ठेवतात, वर कोंबडी उबवायला बसवतात, ह्यालाच रवणीला बसवणं म्हणतात, आणि मग २१ दिवस "बसलीय की, तिला काय करायचंय" म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. ती खाते का, पाणी पिते का, अंगावर काय झालंय, हे कुणी बघत नाही. मी पण हेच करत होते आणि आमची काबरी त्यातच गेली, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय.

काबरी लई गुणाची कोंबडी होती. दोन वेळा तिनं अकरा-अकरा पिल्लं काढून घारीपासून राखून मोठी केली होती. तिसऱ्या वेळी तिला भर उन्हाळ्यात बसवली आणि त्याच दिवसांत आमची काजू गोळा करायची गडबड, सकाळी अंधारात घर सोडायचं ते दुपारी परत यायचं. बुट्टीच्या समोर पाण्याची वाटी होती पण ती भरलेली हाय का रिकामी हे बघायला मला सवड झाली नाही. सतराव्या दिवशी सहज म्हणून उचलली तर हातात रिकामी पिशवी आल्यासारखी वाटली, छातीचं मधलं हाड विळीच्या पात्यासारखं बोटांना लागलं. शेपटी वर करून बघितलं तर शी करायच्या जागेभोवती पिसांच्या बुडाला पांढऱ्या लिखांचे गठ्ठे चिकटलेले आणि पिसं बाजूला केली की पिवळसर उवा पळत होत्या. तुरा पांढरा फटक. दोन दिवसांनी ती बुट्टीतच मेली, अंड्यांवर बसलेलीच. सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्या तिला उचलताना एवढंच म्हणाल्या, "पोरी, आपण अंडीच बघत बसलो, कोंबडीला कुणी बघितलंच न्हाई." अंडी शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली सरकवली, त्यातली सहा निघाली. पण काबरी गेली ती गेली.

तर आधी खुडूक होणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण पुढची सगळी काळजी त्याच्यावरच आहे. हा काही आजार नाही. कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, त्यानं अंडी घालणं थांबतं, भूक मरते आणि तिला बसून राहावंसं वाटतं. छातीची, पोटाखालची पिसं गळतात, काही ती स्वतः उपटून काढते, त्यामुळे उघडी कातडी थेट अंड्याला लागते आणि ऊब मिळते. म्हणून पोटाखाली टक्कल दिसलं की घाबरू नका, फक्त ती कातडी स्वच्छ आणि हाताला गरम लागली पाहिजे. लाल झालेली, खपल्या धरलेली असेल तर ती ऊब द्यायची जागा नव्हे, तिथं उवा-पिसवा झाल्यात असं समजा.

भूक मरते हे मी परत सांगते कारण सगळा घोटाळा इथंच होतो. अंडी घालणारी जवारी कोंबडी दिवसभर काही ना काही टिपत असते, आणि तीच बसली की दिवसातून एकदा, फार तर दोनदा उठते, पंधरा-वीस मिनिटांत खाऊन पिऊन शी करून परत पळत येते. काही कोंबड्या तर एवढ्या चिवट असतात की दोन-दोन दिवस उठतच नाहीत. वजन उतरणारच, दहावा हिस्सा उतरला तर काळजी नाही, पण पाचवा हिस्सा उतरला म्हणजे दीड किलोच्या कोंबडीचं ३०० ग्रॅम गेलं की मग ती धोक्यात आली. ती चांगली आई आहे म्हणूनच ती उपाशी मरते, हे डोक्यात ठेवा. म्हणून ती उठत नसेल तर तिला आपण उठवायचं.

पण त्याच्याही आधी बसवायचं कुणाला ते ठरवा. खुडूक झाली म्हणून प्रत्येक कोंबडी बसवायलाच पाहिजे असं नाही. बसवायच्या दिवशी तिला हातात घ्या आणि छातीच्या हाडावर दोन बोटं फिरवा, हाडाच्या दोन्ही बाजूला मांस भरलेलं लागलं पाहिजे. हाड वर आलेलं असेल तर तिला ह्या वेळी बसवू नका, ती २१ दिवस काढेल पण पुढं पिल्लं वाढवायला अंगात काही राहणार नाही. आमच्याकडे लोखंडी हुकचा छोटा काटा आहे, कोंबडीला कापडी पिशवीत घालायचं, डोकं बाहेर ठेवायचं आणि काट्याला अडकवायचं, वजन कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. दर आठवड्याला एकदा असंच. काटा नसेल तर बोटं पुरतात, पण पहिल्या दिवशी हाताला कशी लागली होती ते लक्षात ठेवायला हवं.

अंगावर उवा आहेत का ते बसवायच्या आधी बघायचं, नंतर नाही. शेपटीखालची आणि पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा, दिवसाउजेडी. उवा आढळल्या तर चार-पाच दिवस थांबा. चाळलेली चुलीची राख घ्या, त्यात बारीक कोरडी माती मिसळा आणि पंखाखाली, शेपटीखाली हातानं चोळा, डोळ्यात-नाकात जाऊ देऊ नका. जास्त असतील तर जनावरांच्या डॉक्टरांकडून कोंबड्यांसाठीचं औषध आणा आणि त्यांनी सांगितल्या मापानंच वापरा. लिखांतून उवा परत बाहेर पडतात म्हणून आठवड्यानं एकदा परत बघणं, परत चोळणं आलंच. शेतातली फवारणीची पावडर कोंबडीला, बुट्टीला कधीच लावू नका, मी हे हात जोडून सांगते. अंड्याच्या टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, विष आतल्या जिवापर्यंत पोचतं, आणि कोंबडी तर चोचीनं पिसं साफ करताना ते पोटातच घेते.

जंताचं औषध द्यायचं असेल तर तेही बसवायच्या आधी किंवा पिल्लं वेगळी झाल्यावर, मधे नको.

दिसायला उवांसारखंच पण त्याहून वाईट एक दुसरं प्रकरण असतंय, ते म्हणजे बारीक लाल पिसवा. त्या दिवसा कोंबडीवर दिसतच नाहीत, बुट्टीच्या कामट्यांत, भिंतीच्या भेगांत लपून बसतात आणि रात्री येऊन रक्त पितात. बसलेली कोंबडी रात्रभर जागची हलत नाही त्यामुळे तिच्यासारखं सोपं गिऱ्हाईक त्यांना दुसरं नाही. तुरा फिका पडत चाललाय, कोंबडी रात्री अस्वस्थ होऊन अंड्यांवरनं उठतेय असं झालं की रात्री टॉर्च घेऊन बुट्टीच्या खालच्या बाजूनं पांढरा कागद फिरवा, कागदावर लाल रेघोट्या उमटल्या की समजा. मग काही इलाज नाही, अंडी नवं पिंजार, म्हणजे भाताचा पेंढा, घालून नव्या बुट्टीत हलवायची, जुनं पिंजार जाळायचं, बुट्टीवर उकळतं पाणी ओतून कडक उन्हात टाकायची. म्हणून मी दरवेळी बुट्टी आधीच उन्हात तापवून घेते आणि तळाला राख पसरून वर कोरडं भाताचं पिंजार घालते, त्यात थोडा निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा पाला. आत्या त्यात एक लोखंडी खिळा पण ठेवतात, वीज कडाडली तर अंड्यांना लागू नये म्हणून, त्यानं कुणाचं काही वाईट होत नाही, ठेवू देत.

आता रोजचं काम. मी वेळ ठरवून घेतलीय, संध्याकाळी साडेपाच. गडबड करायची नाही, बुट्टीजवळ जाताना हळू आवाजात बोलत जायचं. हात घातला की ती पिसं फुलवून कुर्र करेल, चोच मारेल, मारू दे, चोच मारणारी कोंबडी ठणठणीत आहे असं समजा. ज्या दिवशी हात घातला तरी ती गप्प बसून राहिली, डोळे अर्धे मिटलेले, त्या दिवशी मला भीती वाटते. उचलायच्या आधी दोन्ही पंख हळूच वर करून बघा कारण ती अंडी पंखाखाली धरून बसते, तुम्ही एकदम उचलली की अंडं वरनं बाकीच्यांवर पडतं आणि दोन फुटतात. हे मला माझ्याच हातून तीन अंडी गेल्यावर कळलं. फुटलं तर लगेच ओलं पिंजार काढून टाका, बाकीच्या अंड्यांना लागलेलं कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर वास सुटतो, जंतू वाढतात आणि डोंगळे येतात.

तिला खाली सोडली की एक मिनिट ती तशीच फुगून बसून राहील, पाय आखडलेले असतात. मग एकदम जागी झाल्यासारखी उठते आणि लांब जाऊन भली मोठी घाण वासाची शी करते, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की पोट बिघडलंय, तसं काही नसतं, दिवसभराची साठवलेली असते कारण चांगली कोंबडी बुट्टीत शी करत नाही. बुट्टीतच शी करायला लागली तर मात्र तिला दिवसातून दोनदा उठवायला सुरू करा. शी पातळ पाण्यासारखी हिरवी, दोन दिवस सारखी तशीच असेल तर ती आजाराची खूण आहे.

पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहिली तर अंड्यांना काही होत नाही. उन्हाळ्यात अर्धा तास पण चालतो. थंडीत, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी बराच गारठा असतो, तेव्हा पंधरा मिनिटं बास. ती बाहेर असताना अंड्यांवर मी सुती फडकं टाकते.

खायला काय द्यायचं ह्याच्यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. आमचे हे म्हणतात दुकानातलं लेअर फीड आणून द्या, महाग आहे म्हणजे चांगलं असणार. पण ते अंडी घालणाऱ्या कोंबडीचं खाद्य आहे, त्यात टरफलासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं आणि ही तर आता अंडी घालतच नाही, मग एवढं कॅल्शियम घेऊन ती करणार काय. आणि पिल्लं निघाल्यावर तेच भांडं समोर राहिलं तर पिल्लांच्या किडनीला ते मारतं. बसलेल्या कोंबडीला सगळ्यात बरं म्हणजे अख्खं धान्य, न भरडलेलं. जोंधळा, मका, भात. अख्खं धान्य गळ्याखालच्या पिशवीत जास्त वेळ राहतं, हळूहळू जिरतं, शी घट्ट होते आणि बुट्टी स्वच्छ राहते. मी दोन भाग मका, एक भाग जोंधळा आणि मूठभर भात असं करते, थंडीत मका जास्त कारण त्यानं अंगात ऊब राहते, उन्हाळ्यात मका कमी आणि जोंधळा जास्त. एक भरलेली मूठ तिच्यासमोर टाका, सगळं खाल्लं तर अजून अर्धी टाका. बाजूला थोडी जाडी वाळू किंवा बारीक खडी असू द्या, तिच्या पोटात दाणे दळायला खडेच लागतात आणि बसलेली असल्यामुळे तिला बाहेर फिरून ते टिपता येत नाहीत.

दाण्याबरोबर आठवड्यातनं तीन-चार वेळा काहीतरी ताकदीचं द्यायचं. शेंगदाण्याची पेंड भिजवून चिमूटभर, नाहीतर उकडलेली मसूर, आमच्या यळ्ळूरच्या पाहुण्यांकडनं भात काढल्यावर शेतात घेतलेली मसूर येते त्यातली किडकी निवडून बाजूला काढलेली असते ती चालते. शेवग्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, मेथीचा पाला बारीक चिरून टाकला की ती दाणे सोडून आधी तेच खाते. रताळ्याचा वेल पण आवडीनं खातात.

मक्याचं एक लई महत्त्वाचं. आमच्याकडे पावसाळ्यात पोत्यातला मका हमखास बुरसतो, हिरवी-काळी बुरशी धरते, वास येतो, आणि लोक काय करतात की माणसांना नको झाला म्हणून कोंबड्यांना टाकतात. पेंडीचं पण तसंच. त्या बुरशीत अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते लिव्हर खराब करतं. बाकीच्या कोंबड्या बाहेर फिरून बाकीचं खातात त्यामुळे त्यांच्या पोटात ते थोडं जातं, बसलेल्या कोंबडीला तर तुम्ही टाकाल तेवढंच. धुवून, वाळवून, भाजून पण ते विष पूर्ण जात नाही. मका बुरसला तर फेकून द्या, जिवाला वाईट वाटलं तरी.

पाणी मातीच्या परळात ठेवा, जड असतो म्हणून सांडत नाही आणि गार राहतो. बुट्टीपासून दोन-तीन हात लांब. अगदी चोचीजवळ ठेवलं तर ती उठायचीच नाही, आणि सांडलं तर पिंजार ओलं होतं. रोज घासून धुवायचा, बुळबुळीत झालेल्या परळातलं पाणी तिला नको. फक्त एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या वर जातो तेव्हा आणि शेवटच्या तीन दिवसांत पाणी जवळ सरकवायचं. उन्हाळ्यात ती चोच उघडी टाकून, पंख सैल सोडून धापा टाकायला लागली की पत्र्याच्या शेडमधनं बुट्टी घरात कौलाखाली हलवा, रात्री हलवा म्हणजे ती बिथरत नाही. अशा दिवसात पाण्यात गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ टाकून अर्धी वाटी द्यायला हरकत नाही, पण ते दिवसभर ठेवू नका, आंबतं. साधं पाणी वेगळं असलंच पाहिजे.

खाऊन झालं की तिला मातीत लोळू द्या. हे लोक विसरतात. बसलेल्या कोंबडीला बाकी काही नाही मिळालं तरी राखेत लोळायला मिळालं पाहिजे, उवांवर तिच्याकडे तेवढाच इलाज आहे. आमच्या शेजारच्या कन्नड आक्का, त्यांच्याकडे "कोळी कावीगे कुंतैती", म्हणजे कोंबडी रवणीला बसलीय, म्हणतात, त्यांनी मला दाखवलं, परड्यात पावसाचं पाणी येणार नाही अशा जागी कोंबडी मावेल एवढा खड्डा करायचा, त्यात बारीक माती, चाळलेली राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला चुरून टाकायचा. आता आमची तांबडी खायच्या आधी तिथं धावते, पाय ताणून, पंख पसरून धूळ अंगावर उडवत पडून राहते, तेव्हा तिच्याकडे बघत बसावंसं वाटतं.

बसवायचा हंगाम म्हणाल तर माझ्या मते दिवाळीनंतर सुगी झाली की फेब्रुवारीपर्यंतचा सगळ्यात चांगला. खळ्यावर दाणे सांडलेले असतात, कोंबड्या आधीच भरलेल्या असतात, जमीन कोरडी असते. जून ते ऑगस्ट मी बसवतच नाही. आमच्या पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस उघडत नाही, पिंजार सुकत नाही, बाहेर गेलेली कोंबडी भिजून येते आणि ओल्या अंगानं अंड्यांवर बसते, पिल्लं निघाली तरी ओलीत त्यांना रक्ती हगवण लागते. गावची महालक्ष्मी यात्रा जवळ आली म्हणून काहीजण घाईनं एका कोंबडीखालची पिल्लं काढून घेऊन परत तिच्याच खाली दुसरी अंडी ठेवतात, म्हणजे एकाच बसण्यात ४२ दिवस. ती बसते, नाही म्हणत नाही, पण त्यात ती संपते. असं करू नका.

अंडी किती ठेवायची तर जवारी कोंबडीखाली जवारीची दहा-बारा. गिरिराजची ठेवणार असाल, ती बेंगळूरच्या कृषी विश्वविद्यालयानं काढलेली जात आहे आणि त्या कोंबड्या स्वतः बसायला फारशा तयार नसतात म्हणून लोक त्यांची अंडी जवारीखाली ठेवतात, तर आठ-नऊच ठेवा कारण अंडी मोठी असतात. जास्त ठेवली की कडेची गार पडतात आणि कोंबडी सारखी उलटापालट करून दमते. अंडी आठवड्याच्या आतली असावीत.

सातव्या दिवशी रात्री अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या जाड्या बाजूला लावून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे एक काळा ठिपका दिसला की जीव धरलाय, सगळं पिवळं स्वच्छ दिसलं की ते निकामी, काढून टाका. हे मी पिल्लांसाठी कमी आणि कोंबडीसाठी जास्त करते. कारण सगळीच अंडी निकामी असतील तर तिला उगाच २१ दिवस उपाशी कशाला बसवायचं. अंडी फुटत नाहीत तोपर्यंत ती बसूनच राहते, महिना झाला तरी उठत नाही अशा कोंबड्या मी बघितल्यात. तेविसाव्या दिवसापर्यंत काही हालचाल नाही, आवाज नाही, तर अंडी काढून घ्या आणि तिला रवणीवरनं मोडा. चोविसावा दिवस बघू असं म्हणू नका.

मोडायची पण आपली जुनी पद्धत मला बघवत नाही, नाकात पीस अडकवायचं नाहीतर गार पाण्यात बुडवून काढायची. आधीच अशक्त झालेली कोंबडी त्यानं निमोनियासारखी आजारी पडते. जाळीच्या तळाचा पिंजरा घ्या, चार विटांवर उचलून उजेडात ठेवा, आत पिंजार-गवत काही नको, फक्त दाणे आणि पाणी. खालून वारा लागून पोट थंड होतं आणि तीन-चार दिवसांत ती आपोआप विसरते. अंडी नको असतील आणि कोंबडी नुसतीच रिकाम्या बुट्टीत बसून राहत असेल तरी हेच करा, जितक्या लवकर कराल तितकं तिचं मांस कमी झडतं.

अठराव्या दिवसानंतर मात्र अंडी हाताळायची नाहीत आणि तिला हातानं उचलायची पण नाही. ह्या तीन दिवसांत मी वाटी तिच्या चोचीपाशी धरते, ती बसल्या जागी दोन-चार घोट पिते, चार दाणे टिपते. आतून पिल्लांचा आवाज येतो आणि ती हळू आवाजात उत्तर देते, ते ऐकलं की ती उठणार नाही हे नक्की. बुट्टीभोवती राखेची रेघ जाड ओढून ठेवा, लाल मुंग्या ओलसर पिल्लाला अंडं फोडतानाच धरतात. पहिलं पिल्लू आल्यापासून शेवटचं येईपर्यंत दीड-दोन दिवस जातात, पिल्लांना घाई नाही, बलक पोटात घेऊनच ती बाहेर येतात आणि एक-दोन दिवस त्यांना खायला नसलं तरी चालतं. भूक कोंबडीला असते. दोन दिवस ती जवळजवळ उपाशी असते आणि तुम्ही सगळे पिल्लं मोजत असता.

म्हणून पिल्लं घेऊन ती खाली उतरली की आधी तिला. आमच्याकडे डालग्याखाली पिल्लं झाकायची आणि कोंबडीला बाजूला, पिल्लं दिसतील अशी, मूठभर मका आणि भिजवलेली पेंड द्यायची. एकत्र दिलं की ती दाणा चोचीत घेते, टुक टुक करून खाली टाकते, पिल्लं खातात, ती परत उचलते, परत टाकते, तिच्या पोटात काही जात नाही. दहा मिनिटांत तिचं झालं की मग सगळ्यांना एकत्र सोडा. पिल्लांना पहिले दिवस तांदळाची कणी, भिजवलेला नाचणा, थोडं उकडलेलं अंडं कुस्करून. चिक स्टार्टर, म्हणजे दुकानातलं पिल्लांचं खाद्य, परवडत असेल तर तेच द्या, त्यात वीस-बावीस टक्के प्रोटीन असतं आणि कॅल्शियम कमी, कोंबडीनं पण खाल्लं तर तिचं अंग भरून यायला चांगलंच. पाणी चपट्या झाकणात, त्यात चार खडे टाकून, नाहीतर पिल्लं बुडतात.

वाळवी मिळाली तर सोनं. जुनं मडकं घ्या, त्यात शेण, चिपाडाचे तुकडे, गोणपाटाचा तुकडा घालून पाणी शिंपडा आणि वारुळाजवळ, बांधावर संध्याकाळी पालथं घालून ठेवा. सकाळी उचललं की आत वाळवी भरलेली असते, ती पिल्लांसमोर आणि कोंबडीसमोर झाडा. कोंबडी त्या वेळी जी झडप घालते ती बघितली की कळतं हिला किती दिवस मांसाची भूक होती.

लस चुकवू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की गल्लीच्या गल्ली साफ होते, कन्नडमध्ये ह्यालाच कोक्करे रोग म्हणतात, दवाखान्यात तेच नाव सांगितलं की लवकर समजतं. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. अडचण अशी की लसीची बाटली शंभर-दोनशे पिल्लांची असते, एकदा कालवली की तासा-दोन तासात संपवायला लागते आणि बर्फात घालून आणायला लागते. मागच्या वेळी आम्ही गल्लीतल्या पाच घरांनी मिळून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या म्हणजे पिल्लं एकदमच निघाली, एकीनं थर्मासमध्ये बर्फ घालून तालुक्याच्या दवाखान्यातनं लस आणली आणि अर्ध्या तासात सगळ्यांचं झालं. मोठ्या कोंबडीची लस बसवायच्या आधीच झालेली असेल तर तिची ताकद बलकातनं पिल्लांना पण थोडे दिवस मिळते. कोंबडी एकदम आजारी पडली, मान वाकडी करायला लागली, एकामागून एक दोन मेल्या असं झालं तर वाट न बघता १९६२ ह्या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात कळवा, आणि आजारी कोंबडी बसलेल्या कोंबडीपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवा. मेलेली कोंबडी नदीत, ओढ्यात टाकू नका, खड्डा काढून चुना घालून पुरा.

दीड-दोन महिन्यांनी एक दिवस ती पिल्लांना चोच मारून लांब करायला लागते. ते बघून वाईट वाटून घेऊ नका, तिचा तुरा परत लाल व्हायला लागलेला असतो, ती अंड्यावर येत असते. तेव्हापासून तिचं खाणं बदला, आता तिला लेअर फीड चालतं, नाहीतर घरातली अंड्याची टरफलं तव्यावर भाजून, चुरून वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढं ती घेते, पिल्लं मात्र त्या वाटीपासून लांब. परत हातात घेऊन छातीच्या हाडावर बोटं फिरवा. दोन्ही बाजूला मांस भरलंय असं लागलं तर ती पुढच्या वेळी परत बसू शकते, नाही लागलं तर ह्या वर्षी तिला नुसती अंडी घालू द्या, रवणीला दुसरी बसवा. आमची तांबडी सध्या तशीच आहे, कार्तिकात बसली होती, नऊ पिल्लं वाढवली, अजून अंग भरलं नाही म्हणून ह्या खेपेला मी काळीला बसवणार आहे, बुट्टी कालच उन्हात टाकलीय.